विभेदी दंतचक्र, मागील आसावरील : आवाजाची कारणे व प्रतिबंध

मागील चाकांना शक्ती पुरविणाऱ्या मोटारगाडीत मागील आसाच्या मध्यभागी फुगीर आकाराची एक धातूची पेटी असते. तीत विभेदी दंतचक्रमाला बसविलेली असते. व्यवहारात हिला डिफरन्शियल म्हणतात. ही दंतचक्रमाला तीन कामे करते : प्रॉपेलर शाफ्टकडून येणारी गती काटकोनात वळवून चाकांकडे नेणे, वेग कमी करून परिबल वाढविणे आणि गाडी वळत असताना बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा अधिक फेरे घेऊ देणे. पहिली दोन कामे पिनियन हे लहान दंतचक्र व क्राउन हे मोठे दंतचक्र यांची जोडी करते. तिसरे काम क्राउनला जोडलेल्या पिंजऱ्यातील लहान दंतचक्रे करतात. या पेटीतून निघणारा हुंकार, घरघर वा ठोका हा मोटारगाडीच्या इतिहासाइतकाच जुना प्रश्न आहे. तो सोडविण्यासाठी योजलेल्या प्रत्येक उपायाने आवाज कमी केला, पण त्याबरोबरच देखभालीची एक नवी अटही निर्माण केली. आवाजाची आजची बहुतेक कारणे या अटींपैकी एखादी मोडल्यामुळे उद्‌भवतात.

इतिहास : विभेदी दंतचक्रमालेचे पेटंट फ्रेंच यंत्रज्ञ ओनेसिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी १८२८ मध्ये घेतले. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारगाडीतही विभेदी दंतचक्रमाला होती, तथापि तिच्यापासून चाकांकडे शक्ती साखळ्यांनी नेली जाई. साखळ्यांच्या खडखडाटात दंतचक्रांचा आवाज वेगळा ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. लुई रेनो यांनी १८९८ मध्ये तयार केलेल्या लहान गाडीत साखळीऐवजी फिरता दंड व शंकूच्या आकाराची दंतचक्रे वापरून मागील आस सरळ फिरविला. ही रचना लवकरच सर्वत्र रूढ झाली आणि आसाचा आवाज स्वतंत्रपणे जाणवू लागला.

त्या काळातील शंकू दंतचक्रांचे दाते सरळ असत. अशा जोडीत दात्याची संपूर्ण लांबी एकाच क्षणी समोरच्या दात्यावर टेकते व एकाच क्षणी सुटते. भार एका दात्यावरून दुसऱ्यावर झटक्याने जातो व दर मिनिटास हजारो वेळा होणारे हे झटके हुंकाराच्या रूपाने ऐकू येतात. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ग्लीसन कंपनीने १९१० नंतरच्या दशकात वक्र दात्यांची, म्हणजे सर्पिल शंकू दंतचक्रे कापणारे यंत्र तयार केले व पॅकार्ड कंपनीने ती दंतचक्रे आपल्या मोटारगाड्यांत प्रथम वापरली. वक्र दाता एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे क्रमाक्रमाने टेकत जातो व एकाच वेळी एकाहून अधिक दाते भार वाहतात. त्यामुळे आवाज पुष्कळ कमी झाला. मात्र वक्र दाते पिनियनला आसाच्या दिशेने ढकलतात आणि गाडी ओढत असताना व उतारावर रोखली जात असताना या रेट्याची दिशा उलटते. पिनियन पुढे-मागे सरकू नये म्हणून ती निमुळत्या रुळांच्या बेअरिंगांत दाबून बसविणे आवश्यक झाले. येथून आसाची शांतता दात्यांइतकीच बेअरिंगांवरही अवलंबून राहू लागली.

१९२० नंतरच्या दशकात उघड्या गाड्या मागे पडून बंद गाड्यांचा प्रसार झाला. बंद कोठडीत आसाचा आवाज घुमू लागला. एंजिनेही अधिक शांत झाली होती. १९२६–२७ च्या सुमारास हायपॉइड दंतचक्रे वापरात आली. यांत पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्याखाली ठेवलेला असतो. त्यामुळे पिनियन मोठी व बळकट करता येते, प्रॉपेलर शाफ्ट खाली आल्याने गाडीचा तळ सखल ठेवता येतो आणि दात्यांचा स्पर्श अधिक सलग होतो. परंतु हायपॉइड दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते लांबीच्या दिशेने घासतही जातात. दाब व घर्षण यांच्या एकत्रित परिणामाने साध्या तेलाचा पापुद्रा तुटतो व दात्यांवर ओरखडे पडतात. यासाठी गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली अतिदाबसह वंगणे तयार करावी लागली. तापलेल्या पृष्ठभागाशी या संयुगांची विक्रिया होऊन संरक्षक थर बनतो [→ वंगण]. अशा रीतीने तेलाची योग्य जात ही शांततेची तिसरी अट ठरली.

आवाजाचे मूळ शास्त्रीय रीत्या समजण्यास बराच अवधी लागला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये झालेल्या संशोधनाने ‘गतिसंक्रमण दोष’ ही कल्पना पुढे आली. पिनियन एकसारख्या वेगाने फिरत असताना क्राउनही तंतोतंत एकसारखी फिरली पाहिजे. दात्यांचा आकार, बैठक अथवा लवचिकपणा यांमुळे तिच्या गतीत किंचित चढउतार होतात. हा फरक काही सहस्रांश मिलिमीटरांचा असला, तरी त्याच्यामुळे पेटी, कमानी व गाडीचा सांगाडा कंप पावतात आणि ते कंपन कानास ऐकू येते.

महाराष्ट्रातील स्थिती : जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा कारखाना कुर्ला येथे होता. तेथून निघालेली फियाट ११००, पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी, मागील आसाने चालत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी आरंभिली. या जीपच्या आसांत हायपॉइड दंतचक्रे होती. टाटांच्या टेल्को कंपनीने (नंतरची टाटा मोटर्स) १९६० नंतरच्या दशकात पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाना उभारला. टाटा ४०७ (१९८६), टाटा सुमो (१९९४) व ‘छोटा हत्ती’ या टोपणनावाने ओळखली जाणारी एस (२००५) ही मागील आसाने चालणारी वाहने पुण्याच्या कारखान्याशी निगडित आहेत. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनांची चाचणी व संशोधन करणारी संस्था पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झाली.

जुळणीच्या काळात क्राउन व पिनियन परदेशातून तयार जोडीनेच येत. त्यांचे उत्पादन देशात होऊ लागल्यावर आवाजाचा प्रश्न येथील कारखानदारीचा झाला. ठाणे जिल्ह्यातील मुंब्रा येथील भारत गिअर्स कारखाना हे या क्षेत्रातील एक उदाहरण होय. कमी कार्बनाच्या मिश्रपोलादाची दंतचक्रे कापून झाल्यावर त्यांचा पृष्ठभाग कार्बन देऊन कठीण करतात. या उष्णता संस्करणात दंतचक्रे किंचित वाकतात. ही विकृती काढण्यासाठी क्राउन व पिनियन अपघर्षक लावून परस्परांवर फिरवितात आणि मग दोन्हींवर एकच जोडक्रमांक कोरतात. अशा रीतीने घासून जमविलेली चक्रे एकमेकांचीच असतात. एका जोडीची क्राउन दुसऱ्या जोडीच्या पिनियनबरोबर बसविल्यास मापे बरोबर असूनही आवाज येतो.

आवाजाचे प्रकार व कारणे : क्राउनला ४१ व पिनियनला १० दाते असल्यास पिनियनच्या ४·१ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. या संख्यांना सामाईक विभाजक नसल्याने प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याशी पाळीपाळीने भिडतो व झीज सारखी होते. चाकाचा परीघ २ मी. धरल्यास ताशी ६० किमी. वेगाने चाक मिनिटास ५०० फेरे घेते. तेवढ्या वेळात २०,५०० दाते, म्हणजे सेकंदास सु. ३४२ दाते भिडतात. कानास ऐकू येणारा हुंकार याच कंप्रतेचा असतो. गाडीचा वेग वाढला की त्याची पट्टी चढते. गिअर बदलूनही त्याच वेगाला तीच पट्टी कायम राहिल्यास आवाज एंजिनाचा नाही, हे निश्चित होते.

आवाज केव्हा येतो यावरून त्याचे मूळ ओळखता येते. (१) गाडी ओढत असतानाच येणारा हुंकार क्राउनच्या दात्यांच्या बहिर्वक्र बाजूवरील सदोष स्पर्शाचा निदर्शक असतो. पाय काढल्यावर किंवा उतारावर येणारा हुंकार अंतर्वक्र बाजूशी संबंधित असतो. (२) भार बदलला तरी न बदलणारी आणि वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगांची असते. पिनियनची बेअरिंगे चाकाच्या कित्येक पट वेगाने फिरत असल्याने त्यांची घरघर बारीक असते व पिंजऱ्याच्या बेअरिंगांची जाड असते. (३) गाडी निघताना किंवा पुढून मागे नेताना होणारा एकच ठोका दात्यांमधील वाजवीपेक्षा अधिक मोकळीक, झिजलेल्या खाचा अथवा सैल सांधे यांमुळे होतो. (४) ठराविक अंतराने पडणारा ठोका तुटलेल्या दात्याचा असतो. तो चाकाच्या प्रत्येक फेरीस एकदा पडल्यास दोष क्राउनमध्ये आणि सुमारे चारदा पडल्यास पिनियनमध्ये असतो. (५) केवळ वळणावर येणारा आवाज पिंजऱ्यातील लहान दंतचक्रे, त्यांची आडवी खीळ किंवा चाकाचे बेअरिंग यांचा असतो, कारण सरळ रस्त्यावर ती लहान दंतचक्रे स्वतःभोवती जवळजवळ फिरतच नाहीत.

डिफरन्शियलवर आरोप येणारे अनेक आवाज त्याचे नसतात. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच बदलतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज गाडी डावीकडे-उजवीकडे झुकविल्यास कमीजास्त होतो. प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांचे कोन जुळत नसल्यास विशिष्ट वेगास थरथर जाणवते. हा शाफ्ट पोकळ असल्याने आसातील बारीक आवाज त्यात घुमतो. म्हणून काही गाड्यांत त्याच्या आत पुठ्ठ्याची नळी बसवितात. ही तपासणी न करता पेटी उघडल्यास निर्दोष जोडीची जुळणी विनाकारण मोडते व मूळ दोष तसाच राहतो.

मुळशी तालुक्यातील परिस्थिती : पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील या तालुक्यातून पिरंगुट, पौड व मुळशी धरणाच्या जलाशयाजवळून ताम्हिणी घाटाने कोकणातील माणगावकडे रस्ता जातो. आवाजाच्या वरील सर्व कारणांना पोषक अशी परिस्थिती येथे एकत्र आढळते. चढावर दात्यांची एक बाजू आणि उतारावर दुसरी बाजू दीर्घकाळ भार सोसते. त्यामुळे जो दोष सपाट रस्त्यावर दबून राहतो, तो घाटात ऐकू येतो. ‘वडाप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीपगाड्यांत आणि शेतमाल, वीट व वाळू वाहणाऱ्या लहान मालमोटारींत क्षमतेहून अधिक भार घातला, तर आसाची पेटी किंचित लवते. पिनियन व क्राउन यांचे सहस्रांशांत जमविलेले अंतर तेवढ्याने बिघडते.

पावसाळ्याचा परिणाम याहून सूक्ष्म असतो. घाट चढून तापलेला आस ओढ्याच्या किंवा रस्त्यावर साचलेल्या पाण्यात शिरला, की पेटीतील हवा एकदम थंड होऊन आकुंचन पावते व श्वसनछिद्रातून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते, बेअरिंगांवर गंज चढतो आणि काही आठवड्यांनी घरघर सुरू होते. तोपर्यंत पाऊस संपलेला असल्याने कारण व परिणाम यांचा संबंध चालकाच्या ध्यानात येतोच असे नाही. श्वसनछिद्र चिखलाने बुजल्यास उलट प्रकार घडतो. तापलेल्या हवेचा दाब वाढून तेल सीलमधून बाहेर पडते व पेटी कोरडी पडू लागते.

घाटात या आवाजाकडे दुर्लक्ष करणे केवळ खर्चाचे नसून धोक्याचे आहे. पिनियनचे बेअरिंग अडकल्यास मागील चाके एकाएकी जखडून गाडी घसरते. क्राउनचे दाते तुटल्यास एंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि उतारावर सर्व भार ब्रेकवर पडतो. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टच्या मुळाशी असे. त्यामुळे डिफरन्शियल तुटल्यावर तोही निरुपयोगी ठरे. असा बिघाड बहुधा पूर्वसूचना देऊनच होतो आणि ती सूचना म्हणजे हा आवाज होय.

प्रतिबंध : सर्वांत स्वस्त उपाय वंगणाचा आहे. गाडी सपाट जागी उभी करून तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल आहे किंवा नाही हे वेळोवेळी पहावे. हायपॉइड आसात उत्पादकाने सांगितलेल्या जातीचे, बहुधा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणातील जीएल-५ प्रतीचे तेल वापरावे. केवळ दाटपणा सारखा असल्याने दुसरे तेल चालत नाही. जाड तेल, भुसा किंवा ग्रीस घालून आवाज दाबल्यास दोष झाकला जातो, झीज मात्र थांबत नाही. खोल पाण्यातून गाडी गेल्यास तेलाचा नमुना काढून पहावा व ते दुधाळ असल्यास त्वरित बदलावे. पावसाळ्यापूर्वी श्वसनछिद्र स्वच्छ करावे व गळणारे सील बदलावेत. तेल काढताना लोहचुंबकी बुचावर बारीक राखाडी लगदा आढळणे स्वाभाविक आहे, धातूचे कपटे आढळल्यास पेटी उघडून तपासणी करावी.

मागील दोन्ही टायर सारख्या मापाचे व सारखी हवा भरलेले असावेत. तसे नसल्यास सरळ रस्त्यावरही पिंजऱ्यातील दंतचक्रे सतत फिरत राहून झिजतात. कमानींचे यू-बोल्ट सैल झाल्यास आस कलतो व प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, म्हणून ते वेळोवेळी आवळावेत. शाफ्ट काढून पुन्हा बसविताना दोन्ही टोकांचे सांधे एकाच प्रतलात येतील अशी खूण आधी करावी.

दुरुस्ती करताना क्राउन व पिनियन नेहमी जोडीनेच बदलावीत. पिनियनची खोली शिम या पातळ चकत्यांनी ठरवितात, दात्यांमधील मोकळीक डायल गेजने मोजतात (लहान वाहनांत ती बहुधा ०·१ ते ०·२ मिमी. असते) आणि बेअरिंगांचा पूर्वदाब ठरावीक परिबलाने तपासतात. अखेरची परीक्षा दात्यांवरील स्पर्शाची असते. पूर्वी यासाठी शेंदूर तेलात कालवून दात्यांना लावीत. शेंदूर शिशाचे विषारी संयुग असल्याने आता निराळी लेपे वापरतात. जोडी फिरविल्यावर उमटणारा ठसा दात्याच्या मध्यभागी, किंचित आतील टोकाकडे असावा. तो बाहेरील टोकाकडे गेल्यास क्राउन पिनियनच्या जवळ आणावी व आतील टोकाकडे फार गेल्यास दूर न्यावी. ठसा दात्याच्या माथ्यावर पडल्यास पिनियन क्राउनच्या मध्याकडे सरकवावी, मुळाशी पडल्यास मागे घ्यावी. ठसा पाहण्यास फार वेळ लागत नाही. तो न पाहता केलेली जुळणी बहुधा पुन्हा उघडावी लागते.

अलीकडील प्रगती : १९८३ मधील मारुती ८०० व १९९८ मधील टाटा इंडिका यांसारख्या पुढील चाकांनी चालणाऱ्या गाड्यांनी प्रवासी मोटारगाडीतून मागील डिफरन्शियल बहुतांशी हद्दपार केले. आडव्या एंजिनामुळे गती काटकोनात वळविण्याची गरज उरली नाही व हायपॉइड जोडीची जागा तिरप्या दात्यांच्या साध्या दंतचक्रांनी घेतली. मालवाहू वाहने व जीपवर्गीय गाड्या यांत मात्र जुनी रचना टिकून आहे.

विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांनी हा विषय पुन्हा पुढे आणला आहे. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणाऱ्या व २०२४ मध्ये जाहीर झालेल्या महिंद्र कंपनीच्या दोन विद्युत् गाड्यांत विद्युत् चलित्र मागील आसावर बसविलेले असून मागील चाके फिरतात. विद्युत् चलित्र मिनिटास दहा हजारांहून अधिक फेरे घेऊ शकत असल्याने दात्यांच्या भिडण्याची कंप्रता काही हजार हर्ट्‌झपर्यंत जाते. तेथे मानवी कान अतिशय संवेदनक्षम असतो. शिवाय हा आवाज झाकून टाकणारे एंजिन येथे नाही. त्यामुळे दात्यांच्या पृष्ठभागाची अचूकता पूर्वीपेक्षा अधिक सूक्ष्म राखावी लागते आणि गतिसंक्रमण दोषाचा अंदाज संगणकीय प्रतिमानांवर आधीच घ्यावा लागतो.

साखळीच्या खडखडाटापासून विद्युत् गाडीपर्यंत दंतचक्रांचा आवाज सतत कमी होत गेला. त्यामुळे उरलेला आवाज अधिक अर्थपूर्ण झाला आहे. डिफरन्शियलचा नव्याने सुरू झालेला हुंकार किंवा घरघर म्हणजे तेल, बेअरिंग वा दात्यांची जुळणी यांपैकी एखादी अट मोडल्याची खूण होय. ती वेळीच ओळखल्यास बहुधा तेल, सील किंवा एखादे बेअरिंग बदलून भागते. ती दुर्लक्षिल्यास संपूर्ण जोडी बदलावी लागते आणि घाटरस्त्यावर प्रवाशांच्या जीविताचाही प्रश्न उभा राहतो.